लिनक्समधील प्रक्रियागटांचे स्मृतिनियंत्रण

प्रक्रियागटांचे स्मृतिनियंत्रण ही लिनक्स या संगणक कार्यप्रणालीच्या कर्नलमधील एक व्यवस्था आहे. एका गटात बांधलेल्या सर्व प्रक्रिया मिळून संगणकाची किती स्मृती, म्हणजे रोजच्या बोलण्यातील मेमरी किंवा रॅम, वापरू शकतील हे या व्यवस्थेने ठरवता येते. अशा गटास 'कंट्रोल ग्रुप' किंवा थोडक्यात 'सीग्रुप' म्हणतात. गटांच्या स्मृतीचा हिशेब ठेवणारा कर्नलचा भाग 'मेमरी कंट्रोलर' या नावाने ओळखला जातो. विकासकांमध्ये 'मेमसीजी' हे त्याचे संक्षिप्त नाव रूढ आहे. एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.२५ या आवृत्तीत तो प्रथम समाविष्ट झाला. डॉकर, कुबरनेटीस यांसारख्या कंटेनर-प्रणाली स्मृतीच्या वाटणीसाठी याच भागावर विसंबून असतात.

नावात 'नियंत्रण' असले तरी या व्यवस्थेचे काम केवळ कुंपण घालण्याचे नाही. प्रक्रियेला प्रोसेसरचा वेळ कमी द्यायचा असेल तर तिला क्षणभर थांबवले की पुरते. स्मृतीचे तसे नसते. एकदा दिलेल्या जागेत प्रक्रियेचा चालू मजकूर साठलेला असतो. तो दुसरीकडे हलवल्याशिवाय किंवा प्रक्रियाच संपवल्याशिवाय ती जागा परत घेता येत नाही. म्हणून कोणी किती घेतले, कोणाकडून परत मागायचे आणि शेवटी कोणाचा बळी द्यायचा, हे तिन्ही प्रश्न या नियंत्रकाला सोडवावे लागतात.

पार्श्वभूमी

युनिक्स परंपरेत प्रत्येक प्रक्रियेवर स्वतंत्र मर्यादा घालण्याची सोय पूर्वीपासून आहे. परंतु ती एकेका प्रक्रियेपुरती असते. समजा, महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत १६ गिगाबाइट स्मृतीचा एक सर्व्हर आहे आणि ३० विद्यार्थी त्यावर एकाच वेळी काम करत आहेत. प्रत्येक प्रक्रियेला १ गिगाबाइटची मर्यादा घातली, तरी एखाद्या विद्यार्थ्याच्या आज्ञावलीने चुकून २० उपप्रक्रिया निर्माण केल्या तर प्रत्येक उपप्रक्रिया नियमात राहूनही सर्व्हरची सगळी स्मृती संपते. नियम कोणीही मोडलेला नसतो, तरी उरलेल्या २९ जणांचे काम बुडते. शिवाय ही जुनी मर्यादा मुख्यतः प्रक्रियेने मागितलेल्या पत्त्यांच्या विस्तारावर असते, प्रत्यक्ष व्यापलेल्या रॅमवर नव्हे. प्रत्यक्ष व्याप्तीवर मर्यादा घालणारे एक नाव त्या यादीत आहे खरे, पण आजचा लिनक्स कर्नल ते पाळत नाही.

मर्यादा माणसावर, कामावर किंवा सेवेवर हवी. तिच्या सुट्या तुकड्यांवर नको, ही गरज त्यातून पुढे आली.

इतिहास

गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये 'प्रोसेस कंटेनर्स' या नावाने प्रक्रियांचे गट बांधण्याचे काम सुरू केले. कर्नलमध्ये 'कंटेनर' हा शब्द आधीच अनेक अर्थांनी वापरला जात असल्याने २००७ मध्ये त्याचे 'कंट्रोल ग्रुप्स' असे नामांतर झाले, आणि जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. त्यात गट बांधण्याचा सांगाडा होता, स्मृतीचा हिशेब मात्र नव्हता.

तो हिशेब लिहिण्यात आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे. बलबीर सिंग यांनी स्मृतिनियंत्रकाचा आराखडा मांडला. त्यांचे सहकारी वैद्यनाथन श्रीनिवासन यांनी फायलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी, म्हणजे 'पेज कॅश'साठी, नियंत्रक लिहिला. ओपनव्हीझेड प्रकल्पातील पावेल एमेल्यानोव्ह यांनी प्रक्रियांच्या स्वतःच्या स्मृतीसाठी वेगळा नियंत्रक पुढे आणला होता. या दोन साठ्यांवर वेगवेगळ्या मर्यादा घालाव्यात की एकच, हा त्या वेळचा खरा वाद होता. २००७ मध्ये कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या लिनक्स परिसंवादात दोन्हींचा हिशेब एकत्र ठेवावा असे मत पडले आणि तेच पुढे स्वीकारले गेले. हा निर्णय बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. नियंत्रकाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्याच्या अज्ञानातून होतात, आणि त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

आरंभीचा नियंत्रक महाग होता. स्मृतीची वाटणी 'पान' या एककात होते. सर्वसाधारण यंत्रावर एक पान ४०९६ बाइटचे असते. प्रत्येक पान कोणत्या गटाचे आहे हे नोंदवण्यासाठी ६४-बिट यंत्रावर दर पानामागे ४० बाइट लागत. ८ गिगाबाइटच्या संगणकात २० लाख ९७ हजार १५२ पाने असतात. म्हणजे केवळ या नोंदवहीसाठी ८० मेगाबाइट खर्ची पडत, मग कोणी एकही गट बांधलेला असो वा नसो. त्याशिवाय प्रत्येक पान दोन याद्यांत ठेवावे लागे, एक संपूर्ण यंत्राची आणि एक गटाची. योहानेस वाइनर यांच्या प्रयत्नांनी २०१२ मधील ३.३ या आवृत्तीत दुहेरी यादी गेली आणि पुढे ३.१९ मध्ये वेगळी नोंदवहीही मोडीत निघून ती माहिती पानाच्या मूळ नोंदीतच सामावली.

दुसऱ्या पिढीच्या सीग्रुपची रचना तेजुन हिओ यांच्या पुढाकाराने झाली आणि मार्च २०१६ मधील ४.५ या आवृत्तीत ती अधिकृत ठरली. पहिल्या पिढीत स्मृती, प्रोसेसर आणि डिस्क यांसाठी गटांच्या वेगवेगळ्या उतरंडी बांधता येत. दुसरीत एकच उतरंड असते. सामान्य वापरकर्त्यांपर्यंत ती पोहोचण्यास बराच काळ गेला. ऑक्टोबर २०१९ मधील फेडोरा ३१ हे तिला मूळ पर्याय म्हणून स्वीकारणारे पहिले मोठे वितरण होय. २०२४ मधील ६.११ या कर्नलपासून पहिल्या पिढीचा स्मृतिनियंत्रक वेगळ्या फायलीत हलवून ऐच्छिक करण्यात आला आहे.

हिशेबाची पद्धत

व्यापाऱ्याच्या खतावणीशी या पद्धतीचे साम्य आहे. गटातील एखाद्या प्रक्रियेने नव्या पानाला प्रथम हात लावला की ते पान गटाच्या नावे पडते. पान मोकळे झाले की तितकीच रक्कम जमा होते. प्रक्रियेने नुसती जागा मागून ठेवली, पण तिला स्पर्श केला नाही, तर नावे काहीच पडत नाही. गटांची रचना उतरंडीची असल्याने मुलाच्या नावे पडलेले पान बापाच्या आणि आजाच्या खात्यातही मोजले जाते. त्यामुळे वरच्या गटाची मर्यादा खालच्या सर्वांना मिळून लागू होते.

या खात्यात काय काय येते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. प्रक्रियेचा स्वतःचा मजकूर येतो. तिने वाचलेल्या व लिहिलेल्या फायलींचा पेज कॅशमधील साठा येतो. रॅममध्येच राहणाऱ्या तात्पुरत्या फाइलव्यवस्थेतील फायलीही येतात. दुसऱ्या पिढीत प्रक्रियेसाठी कर्नलने स्वतः वापरलेली जागाही, उदाहरणार्थ तिचा कर्नलमधील स्टॅक, फाइल-नोंदी आणि जाळ्यावरील जोडण्यांचे बफर, त्याच खात्यात मोजली जाते.

ओटावा येथील निर्णयाचा परिणाम येथे दिसतो. एखादा गट मोठ्या फायली वाचत असेल तर त्याचा वापर हळूहळू वाढत मर्यादेला टेकतो आणि तेथेच राहतो. नवखा व्यवस्थापक ते पाहून घाबरतो. प्रत्यक्षात त्यातील पुष्कळसा भाग फायलींच्या प्रतींचा असतो. मूळ मजकूर डिस्कवर सुरक्षित असल्याने कर्नल ती पाने सहज टाकून देऊ शकतो. म्हणून केवळ एकूण आकडा पाहून गटाची प्रकृती कळत नाही. 'मेमरी.स्टॅट' या फायलीत त्या आकड्याची फोड दिलेली असते; ती वाचल्याशिवाय निष्कर्ष काढणे म्हणजे प्रगतिपुस्तकातील एकूण गुण पाहून विषयांवर मत देणे होय.

दोन गटांनी एकच फाइल वापरली तर तिचा भार कोणावर, हा प्रश्न अधिक अवघड आहे. लिनक्सचे उत्तर सरळ पण काहीसे कठोर आहे: ज्याने पहिला स्पर्श केला त्याच्या नावे. समजा, दोन गट एकच शब्दकोश-फाइल वाचतात. पहिल्याने ती उघडली, तर तिची सर्व पाने त्याच्या खात्यात जातात आणि दुसरा फुकट वाचतो. भार अर्धा-अर्धा वाटला जात नाही, कारण वाटेकरी सतत बदलत असतात आणि प्रत्येक बदलाला हिशेब फिरवणे परवडणारे नाही. मात्र पहिल्याची ती पाने दाबाखाली काढून टाकली गेली आणि दुसऱ्याने पुन्हा मागितली, तर ती दुसऱ्याच्या नावे पडतात. कालांतराने जो अधिक वापरतो त्याच्याकडे भार सरकतो, असा या तत्त्वाचा बचाव करता येतो. तो बऱ्याच अंशी पटणारा आहे. परंतु अल्पायुषी कामांच्या बाबतीत अन्याय राहतोच.

प्रक्रिया एका गटातून दुसऱ्यात हलवली तरी तिने आधी घेतलेली पाने दुसऱ्या पिढीत जुन्या गटाच्याच नावे राहतात. गट काढून टाकला तरी त्याच्या नावे पाने शिल्लक असतील तर कर्नलमधील त्याची नोंद पुसली जात नाही. खातेदार गेला, पण खाते बंद होत नाही. दिवसाला हजारो गट जन्मतात व मरतात अशा सर्व्हरवर या मृतप्राय खात्यांचा ढीग साचून त्यांनीच स्मृती खाल्ल्याचे प्रसंग विकासकांना हाताळावे लागले आहेत.

मर्यादा आणि संरक्षण

दुसऱ्या पिढीत प्रत्येक गटाला चार मुख्य आकडे देता येतात: 'मेमरी.मिन', 'मेमरी.लो', 'मेमरी.हाय' आणि 'मेमरी.मॅक्स'. हे आकडे सीग्रुपच्या फाइलव्यवस्थेतील त्या-त्या नावाच्या फायलीत लिहिले की लागू होतात. पहिले दोन गटाचे रक्षण करतात, पुढचे दोन त्याला आवरतात. सर्वांत वरच्या, मूळ गटाला मात्र या फायली नसतात, कारण त्याची मर्यादा म्हणजे यंत्राचीच मर्यादा.

मराठवाड्यातील वाचकाला यातील पहिली जोडी धरणाच्या उदाहरणाने चटकन कळेल. सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडी येथे दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्प आहे. पाऊस चांगला झाला तर पिण्याचे पाणी आणि शेतीची आवर्तने यांत भांडण नसते. टंचाईच्या वर्षी मात्र पिण्याचे पाणी आधी राखून ठेवले जाते आणि मग सिंचनाचा विचार होतो. 'मेमरी.मिन' हे असे आरक्षण आहे. गटाचा वापर या आकड्याच्या आत असेल तोवर बाहेर कितीही टंचाई असली तरी कर्नल त्याच्या पानांना हात लावत नाही. इतरत्र काहीच मोकळे होण्यासारखे उरले नाही तर एखादी प्रक्रिया मारतो, पण राखीव साठा उपसत नाही. 'मेमरी.लो' हे सौम्य आरक्षण आहे: असंरक्षित गटांकडून काही मिळत असेल तोपर्यंत या गटाला धक्का नाही, ते संपले तर याच्याकडेही मागणी येते. उपमा येथवरच चालते. धरणातील राखीव पाणी कोणी वापरले नाही तरी राखीवच राहते. स्मृतीचे आरक्षण मात्र गटाने प्रत्यक्ष घेतलेल्या पानांपुरतेच लागू होते, न घेतलेली जागा इतरांना खुली असते.

'मेमरी.मॅक्स' ही अखेरची भिंत आहे. गट तिला टेकला की कर्नल प्रथम त्याच गटाची जुनी, कमी वापरातली पाने मोकळी करू पाहतो. स्वॅपची जागा असेल, आणि 'मेमरी.स्वॅप.मॅक्स' या वेगळ्या मर्यादेत बसत असेल, तर काही पाने तेथे पाठवतो. एवढे करूनही जागा झाली नाही तर गटातील एखादी प्रक्रिया संपवली जाते.

'मेमरी.हाय' ही रेषा ओलांडता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. रेषेपलीकडे गेलेल्या प्रक्रियेला आपल्या गटाची पाने मोकळी करण्याच्या कामाला जुंपले जाते आणि अतिक्रमण जितके जास्त तितका काळ, एका वेळी जास्तीत जास्त सुमारे २ सेकंद, झोपवले जाते. केवळ ही रेषा ओलांडली म्हणून कोणतीही प्रक्रिया मारली जात नाही. तेवढ्या अवकाशात देखरेख करणाऱ्या आज्ञावलीला गटाची मर्यादा वाढवता येते, काम दुसऱ्या यंत्रावर हलवता येते किंवा रीतसर बंद करता येते. केवळ 'मॅक्स' लावून मोकळे होण्याची सवय सर्वत्र दिसते. ती सोपी आहे म्हणून, योग्य आहे म्हणून नव्हे. सेवा वाचवायची असेल तर तिच्या शेजाऱ्यांना भिंत घालण्यापेक्षा तिला स्वतःला 'लो' देणे बहुधा अधिक उपयोगी पडते, कारण भिंतींचे आकडे आधीच अचूक ओळखावे लागतात आणि संरक्षणाचा आकडा अंदाजे असला तरी चालतो.

पहिल्या पिढीत 'सॉफ्ट लिमिट' नावाची एक सौम्य मर्यादा होती. ती उतरंडीला धरून नीट चालत नसे. तिची जागा 'लो'ने घेतली.

प्रक्रिया संपवण्याचा निर्णय

भिंतीला टेकलेल्या गटात जागा होत नसेल तेव्हा कर्नलचा 'ओओएम किलर' कामाला लागतो. स्मृतिनियंत्रकामुळे घडलेला महत्त्वाचा फरक असा, की बळी त्याच गटातून निवडला जातो. प्रयोगशाळेच्या वरील उदाहरणात प्रत्येक विद्यार्थ्याचा गट वेगळा असता तर चुकीच्या आज्ञावलीचीच प्रक्रिया मारली गेली असती आणि इतरांना पत्ताही लागला नसता. गट नसताना संपूर्ण यंत्रातून सर्वसाधारणपणे सर्वांत जास्त स्मृती व्यापलेली प्रक्रिया निवडली जाते, आणि ती बहुधा निरपराध असते: एखादा डेटाबेस, जो आपले काम इमानाने करत मोठा झालेला असतो.

बळी ठरलेल्या प्रक्रियेला सिग्नल क्रमांक ९ मिळतो. तो अडवता येत नाही, आवराआवर करायला वेळ मिळत नाही. कंटेनर अचानक १३७ हा क्रमांक देऊन थांबला तर तो १२८ अधिक ९ असतो. हाच सिग्नल इतर कारणांनीही पाठवला जाऊ शकत असल्याने 'मेमरी.इव्हेंट्स' या फायलीतील नोंद पाहून खात्री करावी लागते. एकमेकींवर अवलंबून असलेल्या प्रक्रियांपैकी एकच मेली तर उरलेल्या अर्धवट अवस्थेत लोंबकळत राहतात, म्हणून ४.१९ या आवृत्तीपासून संपूर्ण गट एकदम संपवण्याचा पर्याय देण्यात आला.

मर्यादेची कल्पना प्रक्रियेला स्वतःला नसते, ही यातली मोठी अडचण आहे. संगणकात किती स्मृती आहे असे तिने रूढ मार्गाने विचारले तर उत्तर संपूर्ण यंत्राचे येते. जावा ही भाषा याचे ठळक उदाहरण होय. तिची आभासी यंत्रणा काही सांगितले नसल्यास एकूण स्मृतीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत आपला साठा वाढू देते. ६४ गिगाबाइटच्या सर्व्हरवर २ गिगाबाइटच्या गटात बसवलेली जुनी जावा १६ गिगाबाइटपर्यंत जाण्याची तयारी ठेवून चाले आणि वाटेतच मारली जाई. मार्च २०१८ मधील जावा १० पासून ती गटाची मर्यादा वाचून हिशेब करते.

दाबाचे मापन

गटाला स्मृती कमी पडते आहे की नाही हे वापराच्या आकड्यावरून कळत नाही, हे वर आलेच. डिसेंबर २०१८ मधील ४.२० या आवृत्तीत यासाठी वेगळे माप आले: गटातील प्रक्रिया स्मृतीची वाट पाहत किती टक्के वेळ खोळंबल्या. 'मेमरी.प्रेशर' या फायलीत ते गेल्या १० सेकंदांचे, ६० सेकंदांचे आणि ३०० सेकंदांचे असे दिले जाते. गट मर्यादेला टेकलेला असूनही हा आकडा शून्याजवळ असेल तर काळजीचे कारण नाही. उलट गट मर्यादेच्या पुष्कळ खाली असतानाही, सगळ्या यंत्रावरच टंचाई असल्याने, आकडा वाढलेला असू शकतो. अँड्रॉइड १० पासून मोबाइलमधील कोणती अॅप बंद करायची हे ठरवताना याच मापाचा, तेथे संपूर्ण फोनसाठी घेतलेल्या, आधार घेतला जातो.

उपयोग

कुबरनेटीसमध्ये प्रत्येक कंटेनरला 'रिक्वेस्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे लिहितात. यातील 'लिमिट' कर्नलकडे जाऊन भिंत बनते. 'रिक्वेस्ट' प्रामुख्याने काम कोणत्या यंत्रावर ठेवायचे हे ठरवण्यापुरती वापरली जाते. दोन्ही आकडे शेजारी लिहिलेले असल्याने दोन्हींची अंमलबजावणी सारखीच होते असा समज होतो, तो बरोबर नाही.

महासंगणकांवर अनेक संशोधकांची कामे एकाच यंत्रणेवर चालतात. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनअंतर्गत पुण्याच्या आयसर संस्थेत उभारलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकावर कामांची रांग स्लर्म ही प्रणाली सांभाळते. संशोधकाने काम देताना जितकी स्मृती मागितली तितक्याच मर्यादेचा सीग्रुप बांधून काम त्यात चालवण्याची सोय स्लर्ममध्ये आहे. कमी मागितले तर काम मध्येच मारले जाते आणि भरमसाट मागितले तर रांगेत नंबर लागत नाही. त्यामुळे आपल्या गणिताला खरोखर किती स्मृती लागते हे आधी छोट्या नमुन्यावर मोजून पाहण्याची शिस्त विद्यार्थ्याला लावून घ्यावी लागते.

मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या प्रणालीतही हे तंत्र आढळते. लेखातील मोठ्या चित्राची छोटी प्रत करण्यासाठी ती बाहेरच्या आज्ञावलीला बोलावते. कोणी अवाढव्य चित्र चढवले तर ही आज्ञावली सर्व्हरची स्मृती खाऊन टाकू शकते. म्हणून अशा आज्ञावलीला सीग्रुपमध्ये बांधण्याची सोय मीडियाविकीत ठेवण्यात आली. मूळ मांडणीत तिच्यासाठी ३०७२०० किलोबाइट, म्हणजे ३०० मेगाबाइटची स्मृतिमर्यादा असते. चित्र लहान झाले नाही तर एक चौकट रिकामी दिसते, पण वाचकाचे पान उघडते.

इतर कार्यप्रणाली

विंडोजमध्ये विंडोज २००० पासून 'जॉब ऑब्जेक्ट' ही सोय आहे. तिने प्रक्रियांच्या गटावर स्मृतीची एकत्रित मर्यादा घालता येते. मात्र तेथे मोजली जाते ती प्रक्रियांना कबूल केलेली स्मृती, प्रत्यक्ष व्यापलेली नव्हे. त्यामुळे मर्यादा ओलांडणारी मागणी तिथल्या तिथे नाकारली जाते. लिनक्समध्ये मागणी मान्य होते आणि प्रसंग पुढे, पानाला स्पर्श करताना, उद्भवतो. फ्रीबीएसडीमध्ये ९.० या आवृत्तीपासून 'आरसीटीएल' ही यंत्रणा जेल, वापरकर्ता किंवा प्रक्रिया यांवर अशाच मर्यादा घालते.